परदेशातील बट्टा

चांदवडी रुपया, अंकुशी रुपया, हाली सिक्का ही नावे आज नाणेसंग्राहकांखेरीज फारशी कोणाच्या तोंडी नसतात. परंतु एके काळी एका मुलखातला मनुष्य दुसऱ्या मुलखात गेला म्हणजे आपल्या कशातील रुपया येथे चालतो की नाही, आणि चालला तर किती उतरून चालतो, हा प्रश्न त्याच्यापुढे प्रथम उभा राही. टांकसाळी अनेक, प्रत्येकीच्या चांदीचा कस निराळा. सराफ नाणे वाजवून पाही, घासून पाही, आणि त्याच्या किमतीतून काही भाग कापून घेई. या कापण्याचे नाव बट्टा. काशीयात्रेस निघणारा धोरणी गृहस्थ रोकड बरोबर न नेता पेढीवर पैसे भरून हुंडी करून घेई. तिच्याबद्दल पेढीला हुंडणावळ द्यावी लागे. ती किती, हे मात्र पैसे भरण्यापूर्वी समोरासमोर बसून ठरत असे.

आज परदेशी निघालेल्या गृहस्थाच्या खिशात प्लॅस्टिकची एक चकती असते. आम्ही तिला हुंडीची नात म्हणतो. नाणे घासण्याऐवजी आता कार्ड घासले जाते, इतकेच. बट्टाही गेलेला नाही आणि हुंडणावळही गेलेली नाही. फरक एवढाच पडला आहे, की ती आधी सांगितली जात नाही. प्रवास संपतो, छायाचित्रे नातेवाइकांना दाखवून होतात, आणि पंधरावीस दिवसांनी बँकेचे मासिक बिल आले म्हणजे जमाखर्चात कोठेतरी भोक पडले आहे असा संशय येतो. ते भोक कोठे पडते, आणि त्यातले किती बुजविता येते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय श्रीमंतांचा आहे असे कोणी म्हणू नये. श्रीमंतांना याची फिकीर नसते. न्यू जर्सीला किंवा मेलबर्नला मुलाकडे जाणारे निवृत्त शिक्षक, भविष्यनिर्वाह निधीतून एकदाच युरोपची सहल करणारे दांपत्य, शिष्यवृत्तीवर गेलेली विद्यार्थिनी यांच्या दृष्टीने शंभरातले चार किंवा सहा रुपये ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. तीन लाखांच्या खर्चावर सहा टक्के म्हणजे अठरा हजार रुपये होतात.

प्रथम या व्यवहारात किती माणसे बसलेली आहेत ते पाहू. आपल्याला दिसतो फक्त दुकानदार. त्याच्या मागे त्याची बँक असते, तिच्या पलीकडे व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांसारखी जाळे चालविणारी संस्था असते, आणि पलटीकडच्या टोकाला कार्ड देणारी आपली बँक असते. पॅरिसमध्ये आपण शंभर युरोंची वस्तू घेतली, तर दुकानदाराच्या हाती पुरते शंभर युरो पडत नाहीत; त्यातला थोडा अंश वरील तिघांत वाटला जातो. हा दुकानदाराकडचा खर्च. दुसरा खर्च रुपयांचे युरो करण्याचा, आणि तो आपल्याकडून घेतला जातो. हे दोन खर्च मुळात निराळे आहेत. परदेशात जे घोटाळे होतात ते बव्हंशी हे दोन एकमेकांत मिसळल्यामुळे होतात. म्हणून ते आम्ही अलग अलग घेतो.

दुकानदाराचा खर्च जेव्हा तो स्वतः न सोसता गिऱ्हाइकाच्या बिलावर चढवितो, तेव्हा त्याला अधिभार म्हणावयाचे. ही चाल आपल्याला अपरिचित नाही. ‘कार्ड देणार असाल तर दोन टक्के जास्त पडतील’ हे वाक्य आपल्याकडच्या सोन्याचांदीच्या आणि विजेच्या सामानाच्या दुकानांत पुष्कळांनी ऐकलेले असते. परदेशात मात्र याविषयीचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियात तेथील रिझर्व्ह बँकेने २००३ सालापासून दुकानदारांना अधिभार घेण्याची मोकळीक दिली. हेतू असा, की कार्डाची खरी किंमत गिऱ्हाइकाला दिसावी आणि त्याने स्वस्त साधन निवडावे. हेतू चांगला होता. पण काही धंद्यांनी खर्चाच्या कितीतरी पट अधिभार लावला. तेव्हा २०१६ साली मोठ्या व्यापाऱ्यांना आणि २०१७ साली सर्वांनाच ‘खर्चाहून अधिक घेऊ नका’ असे बजावावे लागले. पुढे, २०२५ च्या जुलैत, हा अधिभारच बंद करावा असा प्रस्ताव खुद्द त्याच बँकेने मांडला. दोन दशकांच्या अनुभवानंतरचे हे घूमजाव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जरूर अभ्यासावे.

युरोपीय संघाने व ब्रिटनने १३ जानेवारी २०१८ पासून सामान्य ग्राहकांच्या कार्डांवरील अधिभाराला बंदी केली. मात्र संघातील ही बंदी तेथील बँकांनी दिलेली कार्डे नजरेपुढे ठेवून आखलेली आहे. भारतातील कार्डाला तिचे कवच लाभेलच असे नाही. अमेरिकेत उलटाच प्रकार. तेथे पूर्वी कार्डसंस्थांच्या नियमांनीच अधिभाराला मनाई होती. दुकानदारांनी चालविलेल्या दाव्यात तडजोड झाली आणि २०१३ च्या जानेवारीपासून ती मनाई उठली. व्हिसाने २०२३ च्या एप्रिलात या अधिभाराची कमाल मर्यादा तीन टक्क्यांवर आणली. तेथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे: अधिभार क्रेडिट कार्डावर घेता येतो, डेबिट कार्डावर नाही. शिवाय न्यूयॉर्क राज्यात २०२४ च्या फेब्रुवारीपासून असा कायदा आहे, की कार्डाने द्यावयाची पूर्ण किंमत आधीच लिहून दाखविली पाहिजे; हिशेबाच्या वेळी टक्के चिकटविता येत नाहीत. उपाहारगृहाच्या बिलावर अधिभार, त्यावर राज्याचा विक्रीकर, त्यावर वेटरची अठरा किंवा वीस टक्के बक्षिसी, आणि या सगळ्या बेरजेवर आपल्या बँकेचा चलनबदल, अशी उतरंड तेथे पाहावयास मिळते. वरचे मडके खालच्या मडक्याच्या आकाराने वाढते.

आता चलनबदलाकडे वळू. शंभर युरोंचे रुपये किती, हे व्हिसा किंवा मास्टरकार्ड ठरविते, आणि हा रोजचा दर त्या संस्था आपल्या संकेतस्थळांवर प्रसिद्ध करतात. तो घाऊक बाजाराच्या दराच्या बराच जवळ असतो. त्यावर आपली बँक आपला आकार चढविते. भारतातील पुष्कळ क्रेडिट कार्डांवर हा आकार साडेतीन टक्के असतो. काहींवर दोन, आणि मोजक्या कार्डांवर शून्य. या आकारावर पुन्हा अठरा टक्के जीएसटी बसतो. सोयीसाठी एक युरो शंभर रुपयांना मिळतो असे धरू. शंभर युरोंचे दहा हजार रुपये झाले. साडेतीन टक्क्यांनी तीनशे पन्नास. त्यावर कर त्रेसष्ट. एकूण दहा हजार चारशे तेरा. म्हणजे ‘साडेतीन टक्के’ असे छापलेले असले तरी प्रत्यक्षात जातात चार टक्क्यांहून अधिक.

बँकेला यात खर्च मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. सीमेपलीकडच्या व्यवहाराबद्दल जाळ्याची संस्था बँकेकडून काही आकारते, चुकीच्या व चोरीच्या व्यवहारांची जोखीमही असते. पण ज्या बँका शून्य आकाराची कार्डे देतात त्यांनाही हाच खर्च सोसावा लागतो, आणि त्या बुडालेल्या नाहीत. यावरून खर्च किती आणि नफा किती याचा अदमास वाचकांनी करावा. अमेरिकेत या आकारावरून मोठी दावेबाजी झाली. आकार नीट उघड केला नाही, आणि तो आपसांत संगनमत करून ठरविला, असा आक्षेप व्हिसा, मास्टरकार्ड आणि मोठ्या बँकांवर घेतला गेला. प्रतिवादींनी आरोप मान्य केला नाही. परंतु २००६ साली तेहतीस कोटी साठ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

आणखी एक गोष्ट लोकांना चकविते. हिशेबाला लागणारा दर बहुधा खरेदीच्या दिवसाचा नसून व्यवहार प्रत्यक्ष नोंदला जातो त्या दिवसाचा असतो. शुक्रवारची खरेदी सोमवारी नोंदली गेली आणि मधल्या काळात रुपया घसरला, तर ती घसरण आपल्या माथी. वस्तू परत केली तर परताव्याला परताव्याच्या दिवसाचा दर लागतो, आणि बँकेचा आकार परत मिळेलच असे नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी बदलून आणू अशा हिशेबाने परदेशात जोडे घेऊ नयेत.

येथवरचा बट्टा सरळ आहे. आता जो सांगावयाचा आहे तो वाकडा आहे, आणि त्याविषयी आम्ही जरा विस्ताराने लिहिणार आहोत.

आपण रोममधल्या एखाद्या दुकानात कार्ड दिले. यंत्राने ते भारतीय आहे हे ओळखले. पडद्यावर प्रश्न उमटतो: युरोंत द्यावयाचे की रुपयांत? रुपयांचा आकडा समोर दिसतो, तिरंग्याचे चित्रही कधी कधी असते. परमुलखात आपले चलन पाहून बरे वाटते, आणि बोट रुपयांवर पडते. त्या क्षणी चलनबदलाचे काम व्हिसाकडून व आपल्या बँकेकडून निघून दुकानदाराच्या बाजूच्या एका मध्यस्थाकडे जाते. तो आपला दर लावतो. त्या दरात त्याचा नफा मुरलेला असतो, आणि त्यातला वाटा दुकानदाराला व दुकानदाराच्या बँकेला मिळतो. म्हणूनच काउंटरवरची तरुणी हसतमुखाने ‘रुपयांतच घ्या, सोयीचे पडेल’ असे सुचविते. सोय कोणाची, एवढेच ती सांगत नाही.

वरचेच उदाहरण घेऊ. मध्यस्थाने पाच टक्के चढविले असे धरले, तर दहा हजारांचे दहा हजार पाचशे झाले. निदान बँकेचा आकार तरी वाचला असे वाटेल. पण भारतातील काही बँका परदेशी दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही एक टक्का वा तत्सम आकार घेतात, आणि त्यावर जीएसटी. म्हणजे आणखी एकशे पाच, वर सुमारे एकोणीस. बेरीज दहा हजार सहाशे चोवीसच्या घरात जाते. दोन सराफांनी एकच नाणे दोनदा घासले.

व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारले, की रुपयांत बिल झाले म्हणजे आपण किती खर्च केला ते तत्काळ कळते. मग थोडे जास्त गेले तरी त्यात वाईट काय? प्रश्न रास्त आहे. निश्चितपणाला किंमत असते, हे आम्हांला मान्य आहे. परंतु तोच आकडा, थोड्याशा फरकाने, हातातल्या फोनवर फुकट पाहता येतो. शिवाय बँकेचा एक टक्का पुढे बिलात चढणार असेल, तर पडद्यावरचा आकडा निश्चित तरी कोठे राहिला? ज्याला शून्य आकाराचे कार्ड आहे, त्याने तर रुपयांवर बोट ठेवणे म्हणजे कार्डाचा सगळा लाभ पाण्यात घालणे होय.

या पद्धतीत बेकायदेशीर असे काही नाही. मात्र ग्राहकाच्या संमतीवाचून ती वापरता येत नाही, असा कार्डसंस्थांचाच नियम आहे. अडचण अशी, की गर्दीच्या वेळी वेटर यंत्र आपल्याकडेच फिरवून ठेवतो, ‘रुपये’ हे बटण स्वतःच दाबतो, आणि आपल्या हाती नुसती पावती येते. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध दांपत्याच्या बाबतीत हेच झाले. हॉटेल सोडताना आठ दिवसांचे संपूर्ण बिल त्यांना न विचारता रुपयांत करण्यात आले. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत मात्र ‘मला चलन निवडण्याची संधी देण्यात आली’ असे छापलेले होते आणि खाली त्यांची सही होती. बसची वेळ झालेली, सामान दाराशी. त्यांनी सही केली यात नवल नाही. अशा वेळी करावयाचे ते एवढेच: पावतीवर रुपयांचा आकडा दिसला की सही न करता, शांतपणे, व्यवहार रद्द करून स्थानिक चलनात पुन्हा करावयास सांगावे. यंत्रावर ते होते. सही झाली, की पुढे भांडणे अवघड. सही न करताच रक्कम गेली असेल, तर ती पावती जपून ठेवून बँकेकडे लेखी तक्रार करावी. बँकेने तीस दिवसांत समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

युरोपीय संघाने २०२० च्या एप्रिलापासून अशा मध्यस्थांना, मुख्यतः संघातील कार्डधारकांसाठी, एक बंधन घातले: युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराहून आपला दर किती टक्के चढा आहे, तो आकडा व्यवहारापूर्वी दाखविला पाहिजे. बंदी घातली नाही, फक्त उजेड पाडला. जुन्या सराफाकडून आपण जी अपेक्षा करीत होतो तीच ही.

पैसे काढण्याच्या यंत्रावरही हाच प्रश्न विचारला जातो, आणि त्याचे उत्तरही तेच. तेथे आणखी दोन खड्डे आहेत. एक म्हणजे यंत्राच्या मालकाची स्वतःची फी. थायलंडमध्ये परक्या कार्डावर ती दर खेपेस दोनशे बाहतहून अधिक पडते, मग तुम्ही हजार काढा की दहा हजार. सबब थोडे थोडे अनेकदा काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढावे. दुसरा खड्डा फार खोल आहे: क्रेडिट कार्डावर रोख रक्कम काढली तर उचलीचा आकार वेगळा, आणि व्याज पहिल्या दिवसापासून. खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत तेथे नाही. रोख हवी असेल तर डेबिट किंवा आधी पैसे भरलेले प्रवासी कार्ड वापरावे.

या प्रवासी कार्डाविषयी थोडे. घरूनच युरो किंवा डॉलर भरून घेतले, की दर त्याच दिवशी पक्का होतो, आणि रुपया घसरण्याची धास्ती जाते. हा गुण खरा. परंतु भरताना विक्रीचा दर लागतो आणि उरलेले परत करताना खरेदीचा. मधले अंतर पेढीचे. आणि युरोंचे कार्ड स्वित्झर्लंडमध्ये फ्रँकसाठी वापरले, तर चलनबदलाचा आकार पुन्हा लागतो. नेमके लागेल तेवढेच भरावे, हे बरे. डेबिट कार्डावरचा व प्रवासी कार्डातला खर्च प्रत्येक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरांच्या सरकारी मर्यादेत मोजला जातो. वर्षात दहा लाख रुपयांवर रक्कम गेली तर उगमापाशी कर गोळा होतो, आणि तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. परदेशात वापरलेले क्रेडिट कार्डही या मर्यादेत घ्यावे असे २०२३ च्या मे महिन्यात सरकारने ठरविले. ओरड झाली, आणि जूनअखेर तो निर्णय पुढे ढकलला गेला.

जाता जाता तरुण वाचकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. ६ जून १९६६ पूर्वी डॉलर चार रुपये शहात्तर पैशांना होता, त्या दिवशी तो साडेसात रुपयांचा झाला. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात आठ डॉलर खिशात घालून समुद्र ओलांडलेली माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना अधिभाराची चिंता नव्हती, कारण अधिभार लागावा एवढे पैसेच बरोबर नेता येत नव्हते!

आपल्याकडची यूपीआय व्यवस्थाही आता थोडी थोडी बाहेर पडत आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत ती सिंगापूरच्या व्यवस्थेशी जोडली गेली, २०२४ च्या फेब्रुवारीत श्रीलंका व मॉरिशस येथे सुरू झाली, आणि त्याच सुमारास पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याच्या तिकिटांसाठी चालू लागली. पण तेवढ्यावर विसंबून सहलीला निघण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

निघण्यापूर्वीच्या आठवड्यात दोन कामे करावीत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १६ मार्च २०२० पासून नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी चालू करून दिली जातात. परदेशातला वापर आपण स्वतः सुरू करावा लागतो, आणि त्याची मर्यादाही ठरविता येते. ते विमानतळावर नव्हे, घरी करावे. दुसरे काम बँकेत जाऊन, किंवा तिच्या दरपत्रकात पाहून, तीन आकडे वहीत लिहून घेण्याचे: परकीय चलनावरचा आकार किती, परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरचा किती, आणि रोख काढण्याचा किती. घरात दोन कार्डे असतील तर दोन्हींचे लिहावेत. ज्याचे आकडे कमी, ते कार्ड पाकिटात पुढे ठेवावे आणि दुसरे सामानात निराळ्या जागी, म्हणजे एक हरवले तरी दुसरे हाताशी राहील.